चौदावी मेणबत्ती

माझ्या शाळेत सव्वाशे पोरं होती आणि त्यातली शंभरेक एकाच तारखेला जन्मली होती. एक जुलै. परक्या माणसाला वाटावं की पंचक्रोशीतल्या सगळ्या बाया त्या दिवशी ठरवून बाळंत झाल्या. खरं कारण साधं होतं. जूनमध्ये शाळा उघडली की आईबाप पोराला धरून आणायचे. मी पेनाचं टोपण काढून विचारायचो, "जन्म कधीचा?" समोरून उत्तर यायचं, "मोह पडून राह्यला होता जी," नाहीतर, "धान कापनीले आलता." आता मोहाचं फूल काय, दरवर्षीच पडतं. मग मी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचो. कान हाताला लागला की सहा वर्षं पूर्ण. लिहिलं एक जुलै, संपला विषय. सरकारला सोपं, शाळेला सोपं, मला तर फारच सोपं.

धानोऱ्याकडच्या जंगलातल्या एका मोठ्या गावात मी प्राथमिक शाळेचा मुख्याध्यापक होतो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. चंद्रपूरपासून वेगळा झालेला आमचा जिल्हा तेव्हा नवा नवा होता, आणि नव्या जिल्ह्यात जुन्या मास्तराचा रुबाब काही विचारू नका. मरण कोणाच्या हातात नसतं, पण जन्म माझ्या हातात होता. दाखलखारीज रजिस्टर माझ्या कपाटात, कपाटाची किल्ली माझ्या जानव्याला असती, पण आमच्यात जानवं नाही, म्हणून ती करदोट्याला.

एकदा एक गोंड बाप तीन कोस चालत आला. त्याचा मुलगा माझ्याच शाळेतून शिकून गेलेला. वनरक्षकाच्या भरतीत वय दोन महिन्यांनी कमी पडत होतं. तो दारातच उभा राहून म्हणाला, "गुरुजी, माझा पोरगा बांबूले फूल आलतं त्या साली झाला. साऱ्या गावाले मालूम हाय. तुमी चुकीचं लिवलं." बांबू काही दरवर्षी फुलत नाही. माणसाच्या एका आयुष्यात एकदा, फार तर दोनदा. त्याच्याजवळ माझ्यापेक्षा पक्का पुरावा होता. मी काय म्हटलं? मी म्हटलं, "भाऊ, रजिस्टर म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बांबूची सही घेऊन ये, मग पाहू." आणि हसलो. शाळेतले दोघे मास्तरही हसले, कारण मुख्याध्यापक हसला की हसायचं असतं. तो माणूस पाणी न पिता परत गेला.

एवढ्या हुशार माणसाने स्वतःच्या पोरीला सोडलं असेल का? ती सव्वापाच वर्षांची होती तेव्हाच मी तिला पहिलीत बसवली. तिचा हात काही कानाला पोचत नव्हता. कान थोडा वर ओढला, मान थोडी वाकवली आणि लिहिलं एक जुलै, आधीच्या वर्षाची. माझा हिशेब सरळ होता. आमच्या घराने छप्पन साली धम्म घेतला, त्यानंतर घरातला पहिला शिकलेला मी. माझी पोरगी एक वर्ष आधी शाळेत जाईल, एक वर्ष आधी मॅट्रिक होईल, एक वर्ष आधी नोकरीला लागेल. आमच्या लोकांचं हजारो वर्षांचं मागे राहणं मी एका वर्षाने भरून काढत होतो. बायको तेव्हा एवढंच म्हणाली, "लेकीचं वय खाऊन तुमाले काय भेटते?" मी म्हटलं, "तुला शासनाचं काम कळत नाही."

तर ही पोरगी तेराव्या वर्षात आली आणि तिला छंद लागायला सुरुवात झाली. छंद एक असता तर मी काही बोललो नसतो. आधी किडे. माझ्या तंबाखूच्या डबीत हिरवे, तांबडे, चमकणारे किडे भरून ठेवायची, आणि मी वर्गात तंबाखू काढायला डबी उघडली की दुसरी-तिसरीची पोरं बाकांवर. मग रेडिओ. तिला निवेदिका व्हायचं होतं. चुलीपाशी पळी तोंडासमोर धरून म्हणायची, "आता आपण ऐकणार आहात आईच्या शिव्या," आणि आईही वेळ न घालवता सुरू व्हायची. मग गोंडी. शेजारच्या पोरींकडून तीन महिन्यांत शिकली आणि कुंपणावरून त्यांच्याशी गोंडीत बोलून माझ्याकडे पाहून खिदळायची. त्या काय बोलतात ते मला अजूनही कोणी सांगितलेलं नाही, पण विषय मी होतो यात शंका नाही.

आणि शेवटी पळणं. हे मात्र गेलं नाही. गावाच्या हायस्कूलमध्ये एक पीटी सर आले होते, वर्ध्याकडचे, काडीपैलवान माणूस. गळ्यात काळ्या दोरीत स्टॉपवॉच. मंगळसूत्र बाई काढेल, पण हा माणूस घड्याळ काढणार नाही. त्यांनी नाक्यापासून पुलापर्यंतचा रस्ता दोरीने मोजून काढला आणि पोरींना त्यावर पळायला लावलं. आमची अनवाणी पळायची. गोंडांच्या पोरी सुरुवातीला तिला मागे टाकायच्या; पावसाळा संपेपर्यंत ती त्यांच्या बरोबरीला आली आणि हिवाळ्यात पुढे गेली. सकाळी मी टमरेल घेऊन निघालो की मुख्याध्यापकाची पोरगी दोन वेण्या उडवत माझ्या अंगावरून जायची आणि बैलगाडीवाले म्हणायचे, "गुरुजी, पोट्टी तं लय जोरात हाय!" मी घरी येऊन म्हणायचो, "पळून पोट भरतं का? जंगलात हरणं काय कमी पळतात? त्यांना कोणी नोकरी दिली?" ती म्हणायची, "हरणं जिल्ह्याले जात नाई, बाबा."

जिल्हा, हेच तिचं वेड. चौदा वर्षांखालच्या मुलींची शर्यत गडचिरोलीला होणार होती. जी पहिली येईल ती पुढे नागपूरला. आदल्या वर्षी ही हिवतापाने आजारी पडली आणि शर्यतीच्या दिवशी गोधडीत कुडकुडत होती. तेव्हापासून तिने वर्ष मोजून काढलं होतं. पीटी सर म्हणायचे, "गुरुजी, या तालुक्यात काय, जिल्ह्यात हिच्या वयात हिला धरणारी नाही." तिने नागपूर पाहिलं नव्हतं, रेल्वे पाहिली नव्हती, चुन्याच्या रेघा मारलेलं मैदानसुद्धा पाहिलं नव्हतं. वहीच्या मागच्या पानावर तिने पट्टीने तशा रेघा मारल्या होत्या आणि मधल्या रेघेत स्वतःचं नाव लिहिलं होतं.

आता माझं वेड सांगतो. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे नवे विस्तार अधिकारी आले. म्हणजे माझे साहेब. त्यांनी त्यांच्या मुलाचा वाढदिवस केला आणि सगळ्या मुख्याध्यापकांना बोलावलं. केक, फुगे, कागदाच्या टोप्या. आम्ही पन्नाशीकडे झुकलेले सात मास्तर डोक्यावर टोकदार टोप्या घालून टाळ्या वाजवत होतो. मला ते फार आवडलं, लाज कशाला वाटायची? तेव्हाच ठरवलं, साहेबांना आपल्याही घरी बोलवायचं. आमच्या घरात तोवर कोणाचाही वाढदिवस झाला नव्हता. निदान माझी तशी समजूत होती.

बायकोला सांगितलं, "एक जुलैला पोरीचा वाढदिवस करू. चौदा पूर्ण होतात."

ती मिरच्या निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बाळंत मी झाली का तुमचं रजिस्टर?"

"म्हणजे?"

"म्हंजे तुमी निवडणुकीची पेटी डोक्यावर घेऊन जंगलात गेलते. ज्या दिवशी वोटिंग झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी पायटेच मी मोह येचून आली, टोपली ठेवली अन् कळा आल्या. तुमी चार दिसानं आले. तुमची पोरगी तेरा वर्साची हाय. चौदा कुठून आणले?"

ही गोष्ट मला माहीत नव्हती असं नाही. मतदानाची तारीख तर साऱ्या देशाला माहीत. माझा ड्यूटीचा हुकूमसुद्धा ट्रंकेत होता. एक जुलैच्या त्या साऱ्या पोरांत जिचा जन्म दिवसानिशी सांगता येईल अशी कदाचित एकच पोरगी, आणि तिचाच बाप मी. पण मी म्हटलं, "साहेबांना घरी बोलावून मोहफुलांचा इतिहास सांगू का? सरकारी वाढदिवस एक जुलै."

"करा," ती म्हणाली. "सरकारले नवा फराक शिवा."

केक चंद्रपूरहून मागवला. एसटीच्या कंडक्टरला चिठ्ठी दिली, बेकरीवाल्याने खोक्यात भरून दिला, कंडक्टरने तो सीटखाली ठेवला, आणि गडचिरोलीला बसलेल्या एका बाईने त्याच्यावर सुकटीची पिशवी ठेवली. आमच्या फाट्यावर खोकं उतरलं तेव्हा केकचा गुलाब झाकणाला चिकटला होता आणि वर लिहिलेली अक्षरं एका बाजूला वाहत गेली होती. वास मात्र फर्मास, अर्धा व्हॅनिलाचा आणि अर्धा सुक्या मासळीचा. बायकोने उलथन्याने गुलाब काढला, पुन्हा मधोमध बसवला आणि म्हणाली, "घ्या. मूल आडवं होतं, सरळ केलं."

पाच वाजता साहेब आले, त्यांची बाई आली, मास्तर मंडळी आली, पीटी सर आले. पोरीच्या अंगात नवा गुलाबी फ्रॉक. तो तिला गुडघ्याच्या वर येत होता आणि ती सारखा खाली ओढत होती. पळण्याने पाय लांब झालेले, शिंप्याने माप मागच्या वर्षीचं धरलेलं. साहेबांच्या बाईंनी विचारलं, "मग काय, नाच-गाणं शिकतेस की नाही?" पोरगी म्हणाली, "पळते." बाई म्हणाल्या, "अगं बाई, कुठे?" मी घाईने म्हटलं, "शाळेत, शाळेत. बसा तुम्ही."

मेणबत्त्यांचा प्रश्न आला. केकसोबतच्या लहान मेणबत्त्या त्या सुकटीखाली मोडून गेल्या होत्या. बायकोने बुद्धाच्या मूर्तीसमोर लावायच्या मेणबत्त्यांचा पुडा आणला. त्या बोटभर जाडीच्या. केकवर उभ्या केल्या की केक दिसेना. तिने एकेक करून रोवल्या आणि हात पुसत मागे सरली. पीटी सरांनी मोजल्या. त्यांना मोजायची सवयच होती.

"तेरा?" ते म्हणाले.

"तेराच तं," बायको म्हणाली.

पीटी सर उठूनच उभे राहिले. "वहिनी, पक्कं तेरा? मी तर आज वाईट वाटूनच आलो होतो. म्हटलं आज केक कापला की पोरीचा गट संपला. शाळेच्या दाखल्यावर आज चौदा पूर्ण दिसतात. ती मला सांगायची, सर, मी तेराची हाय, मला वाटायचं पोर हट्ट करते." मग ते माझ्याकडे वळले. "गुरुजी, हे खरं असेल तर एवढंसं काम आहे. तुमच्याच रजिस्टरातली नोंद. दुरुस्तीचा अर्ज, वहिनींचा जबाब, झालं. आता साहेबही इथेच बसले आहेत. सांगा ना, खरं काय?"

पोरगी माझ्याकडे पाहत होती. फ्रॉक ओढायचं तिने सोडून दिलं होतं. तिच्या तोंडावर इतका विश्वास होता की मला आजही तो आठवला की चहा कडू लागतो. तिला वाटत होतं की हा वाढदिवस, हे साहेब, हा केक, सगळं मी याच्यासाठीच घडवून आणलं.

साहेब पाय पसरून बसले होते. ते सहज म्हणाले, "काय मुख्याध्यापक? रजिस्टरमध्ये खोटी नोंद?" त्यांनी ते हसून म्हटलं असावं. पण मी हसणं ऐकलं नाही, मी चौकशी ऐकली. एक नोंद उघडली की शंभर उघडतील. बांबूवाला येईल, मोहवाले येतील, धानवाले येतील. वेतनवाढ बंद होईल. गावातून माणसं म्हणतील, गुरुजीनं लेकीचंच वय खाल्लं.

मी म्हणालो, "छे छे, साहेब! रजिस्टर म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बाईमाणूस आहे, वर्षाचा घोळ झाला असेल तिचा. चौदाच."

पंचवीस वर्षांच्या संसारात बायकोला मी बरंच काही बोललो होतो. पण तिचं बाळंतपण तिला आठवत नाही, हे पहिल्यांदाच बोललो, तेही दहा लोकांत. जी बाई मिरच्या निवडताना मला चार वाक्यांत झोपवायची, ती बाई गप्प राहिली. तिथेच मला कळायला हवं होतं.

"शाब्बास," साहेब म्हणाले. "रेकॉर्ड इज रेकॉर्ड."

पीटी सर खाली बसले. पोरीने पुड्यातून एक मेणबत्ती काढली, ती माझ्यासमोर धरली, मग केकच्या कडेला जिथे जागा नव्हती तिथे रोवली. केकचा तो कोपरा तुटून ताटात पडला. "घ्या," ती म्हणाली. "चौदा."

सगळ्या पेटवल्या. साहेबांच्या बाई म्हणाल्या, "फुंक आता, फुंक!" आमच्या घरात मेणबत्ती वंदनेला लावतात, ती फुंकून विझवायची रीत नाही, ती आपली आपण विझते. पोरगी म्हणाली, "मी नाई फुकत. बाबाचा वाढदिवस हाय, बाबाच फुकतीन." लोक हसले. त्यांना गंमत वाटली. मग मी पुढे झालो आणि चौदा मेणबत्त्या फुंकल्या. पंखा नव्हता, दम होता, दोन फुंकरीत झालं. टाळ्या पडल्या. साहेबांनी केकचे दोन तुकडे खाल्ले आणि विचारलं, "हा कुठला फ्लेवर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा मागितला तेव्हा पोरीने कप समोर ठेवला आणि म्हणाली, "घ्या गुरुजी." मला वाटलं चेष्टा करते. चार दिवस झाले, आठ दिवस झाले. "गुरुजी, जेवून घ्या." "गुरुजी, तुमची किल्ली पडली." शाळेत सव्वाशे पोरं मला गुरुजी म्हणायची आणि मला गार वाटायचं. घरात एक म्हणायला लागली आणि चटके बसायला लागले. पण मीही काही कमी नाही. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

पीटी सर अर्ज लिहूनच घेऊन आले. खाली सहीची जागा रिकामी. "अजून वेळ आहे, गुरुजी. कोणी तुम्हाला फाशी देत नाही. चूक झाली म्हणा, नजरचूक." मी त्यांना सगळी कारणं सांगितली: चौकशी, कायदा, नियम, शासन. ते ऐकत राहिले. मग मी शेवटचं, उदार मनाने सांगितलं, "पुढच्या, मोठ्या गटात पळू द्या तिला. तिथे काय अडतं?" ते म्हणाले, "तिथं सतरा वर्षांच्या पोरी असतात, गुरुजी. हिच्यापेक्षा हातभर उंच." मी म्हटलं, "मग अजून तीन वर्षं आहेत की." त्यांनी अर्जाची घडी केली आणि खिशात ठेवली.

तिने मोठ्या गटातच नाव दिलं. मी बायकोला घेऊन गडचिरोलीला गेलो, इस्त्रीचा शर्ट घालून. मैदानावर खरंच चुन्याच्या रेघा होत्या. मोठ्या पोरी खिळ्यांचे बूट घालून रेघेवर उभ्या होत्या, आणि त्यांच्यात आमची, अनवाणी, शेजारणीच्या खांद्याएवढी. वेण्या डोक्याला गुंडाळून बांधलेल्या. शिट्टी झाली. मी "पळ, पळ" असं ओरडलो असं लोक सांगतात. जो माणूस हरणाला नोकरी नाही म्हणायचा, तो माणूस दोरी ओलांडून आत शिरला आणि एका स्वयंसेवकाने त्याला कॉलर धरून बाहेर काढलं.

ती चौथी आली. बक्षीस तिसऱ्यापर्यंत.

लहान गटाची शर्यत त्याआधीच झाली होती. पीटी सर माझ्याजवळ आले, गळ्यातलं घड्याळ काढलं, पहिल्यांदाच काढताना पाहिलं मी, आणि माझ्या तळहातावर ठेवलं. लहान गटातल्या पहिल्या पोरीची वेळ त्यांनी हातावर पेनाने लिहून ठेवली होती. ती त्यांनी दाखवली. मग घड्याळावर थांबवलेल्या हिच्या वेळेकडे बोट केलं; अंतर तेच होतं. दोन्हींत किती फरक होता ते मी सांगत नाही, पण कानाला हात न पोचणाऱ्या पोरालाही तो कळला असता. "तिथं असती तर मागं वळून पाहत पाहत आली असती," ते म्हणाले. "नागपूर तिचंच होतं." एवढं बोलून घड्याळ पुन्हा गळ्यात घातलं आणि बाकीच्या पोरींना पाणी द्यायला गेले.

ती झाडाखाली पायातला काटा काढत बसली होती. मी जवळ गेलो. मास्तर बोलतो तेच बोललो, "चौथी म्हणजे काही कमी नाही."

"हो गुरुजी," ती म्हणाली.

येताना एसटीत ती आईच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. मी पुढच्या सीटवर. तिकिटं काढताना कंडक्टरने तिच्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, "पोरगी किती वर्साची?" चौदा म्हणायला तोंड उघडलं, तर मागून बायको म्हणाली, "त्यायले नका विचारू. त्यायले मालूम नाई."

हिवाळा गेला. मार्चमध्ये मोह पडायला लागला. पहाटे सारं गाव टोपल्या घेऊन जंगलात, आणि दिवस वर आला की अंगणाअंगणात फुलं वाळत घातलेली, गोड, जड वास. एका सकाळी शाळेत जायच्या आधी बायकोने माझ्यापुढे खिरीची वाटी ठेवली. ताजी मोहफुलं तुपात परतून, तांदूळ-दुधात शिजवून केलेली. मला फार आवडते ती. मी भुरके मारत खाल्ली, वाटी चाटली, आणि उगाच, बोलायला काहीतरी म्हणून, विचारलं, "आज काय विशेष?"

पोरगी चुलीपाशी बसून तीच खीर खात होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"काही नाई," बायको म्हणाली. "दरवर्सी करते मी. मोहाच्या दिवसात, एकच दिवस. तुमी खाता, ढेकर देता अन् शाळेत जाता."

माझ्या हातात वाटी तशीच. मी आठवून पाहिलं. गेल्या वर्षी होती. त्याच्या आदल्या वर्षीही होती. तेव्हा मी दूध जास्त झालं म्हणून कुरकुर केली होती. पोरगी लहान असताना, आम्ही जुन्या घरात होतो तेव्हाही होती. एका वर्षी ती आईच्या मांडीवर बसून बोटाने चाटत होती आणि मी तिच्यावर ओरडलो होतो, चमचा घे म्हणून. दरवर्षी माझ्या घरात माझ्या पोरीचा वाढदिवस होत होता, मला वाटी मिळत होती, आणि मी साहेबाच्या घरी टोपी घालून वाढदिवस म्हणजे काय ते शिकत होतो.

"मला सांगितलं का नाही कधी?" मी विचारलं. आवाज चढवायला गेलो, पण तो चढला नाही.

बायको बोलणार होती, पण पोरीने वाटी खाली ठेवली. रागाने नाही. वर्गात धडा विचारल्यावर उत्तर द्यावं तशी, सरळ माझ्याकडे पाहून ती म्हणाली,

"तुमाले विचारलं होतं ना, गुरुजी. साऱ्यायच्या समोर विचारलं होतं."

मग तिने माझी रिकामी वाटी उचलली आणि धुवायला नेली.